कयफाची सभा आणि पैठणची सभा

फाल्गुन वद्य षष्ठी हा नाथांच्या समाधीचा दिवस, होळीच्या पौर्णिमेनंतरची सहावी तिथी. ख्रिस्ती बांधवांचा ईस्टरही वसंतातील पौर्णिमेवरूनच ठरतो. त्यामुळे एखाद्या वर्षी आमची पैठणची यात्रा आणि त्यांचा गुड फ्रायडे एकाच आठवड्यात येतात. अशाच एका वर्षी संभाजीनगरचे एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक आमच्या कीर्तनास आले होते. आख्यान ज्ञानदेवादी भावंडांच्या शुद्धिपत्राचे. पैठणच्या पंडितांना आम्ही नेहमीप्रमाणे नाकातला आवाज दिला, मंडप हसला. आरतीनंतर ते गृहस्थ म्हणाले, “बुवा, रेड्याच्या मुखी वेद ऐकून तुमचे पंडित नमले. आमच्याकडे मेलेला लाजर उठला, आणि धर्मसभेने येशूलाच मारायचे ठरविले. असे का?”

“मत्सर, दुसरे काय!” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मार्काच्या शुभवर्तमानात पिलातालाही तसेच वाटल्याचे म्हटले आहे. परंतु पुढे योहानाचा अकरावा अध्याय वाचला आणि आमचे उत्तर आम्हांसच थिटे वाटू लागले. तेथे सभा चमत्कार नाकारीत नाही. लोक याच्यामागे गेले तर रोमन येतील, मंदिर व राष्ट्र दोन्ही जातील, ही तिची धास्ती. मग महायाजक कयफा म्हणतो की साऱ्या राष्ट्रापेक्षा एक मनुष्य गेलेला बरा.

हा कयफा कोण? रोमन अधिकाऱ्याने नेमलेला आणि इ. स. ३६ च्या सुमारास रोमन अधिकाऱ्यानेच दूर केलेला. महायाजकाची सणाची वस्त्रेसुद्धा त्या काळी मंदिरालगतच्या किल्ल्यात रोमनांच्या कुलपात असत आणि सणापुरती बाहेर काढून दिली जात, असे जोसीफस हा ज्यू इतिहासकार लिहितो. आपल्या देवाचे सोवळे परक्याच्या कोठारातून मागून आणावे लागणे म्हणजे काय, हे वाचकांनीच मनात आणावे! शिवाय ती भीती पोकळ नव्हती, इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर खरोखरच पाडले. त्या सभामंडळात निकदेमासारखा येशूकडे ओढा असलेला पुरुषही होता. तरी तिचा दोष शतकानुशतके सबंध ज्यू समाजावर लादला गेला. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तो आरोप अमान्य केला.

पैठणच्या डोक्यावर रोम नव्हता. परंपरेने शुद्धिपत्राचा शक १२०९ मानला जातो. तेव्हा देवगिरीस यादवांचे, म्हणजे आपलेच, राज्य होते. मग त्या पंडितांना भय कशाचे? संन्यास टाकून संसारात परतलेल्याची ही मुले. त्यांना शास्त्रात वाट सापडेना. आज यांना दिले तर उद्या येणारा यांचेच उदाहरण दाखवील, हे ते भय. आम्ही हे तर्काने सांगत नाही.

तीसएक वर्षांपूर्वी एक कुटुंब मुलाच्या मुंजीविषयी आमचे मत विचारण्यास आले होते. वडील ब्राह्मण, आई अन्य जातीची. मुलाने आमच्यासमोर पुरुषसूक्त म्हटले. एक स्वर चुकला नाही. आम्ही दोन दिवस ग्रंथ चाळले आणि “आधार सापडत नाही” असे कळविले. त्या मुलाविषयी आमच्या मनात तिळमात्र द्वेष नव्हता. पुढच्यास काय सांगावे, एवढीच चिंता होती. रेड्याच्या मुखी वेद ऐकून पैठणची सभा तरी नमली. आम्ही मुलाच्या मुखी ऐकले आणि नमलो नाही. ते कुटुंब पुन्हा आमच्या दारी आले नाही.

कयफाची कथा मराठीस परकी नाही. नाथांनी शके १५२१ मध्ये देह ठेवला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले, तेही मराठी ओवीत. त्या शिक्षकांनी आपली प्रत आम्हांस वाचावयास दिली आहे.

यंदा षष्ठीला तेच शुद्धिपत्राचे आख्यान लावले आहे. ते गृहस्थही येणार आहेत. पंडितांचा तो नाकातला आवाज मात्र आता आम्हांस काढवत नाही.