नाव तेच, घर वेगळं

टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स' उघडलं की विंडोजच्या कुठल्याही संगणकावर 'एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई' हे एकच नाव ओळीनं खाली उतरत जातं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. एकाच नावाच्या इतक्या प्रती, म्हणजे व्हायरसच असणार! तसं नसतं. अपडेट, आवाज, नेटवर्क, घड्याळाची वेळ अशा पडद्यामागच्या सेवा याच फाइलच्या आधारानं चालतात. पूर्वी एकेका प्रतीत अनेक सेवा दाटीवाटीनं बसायच्या. २०१७ साली आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असली की बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रत मिळते. त्यामुळे गर्दी वाढली. गर्दीत काही वावगं नाही, पण लपायला जागा हवी असणाऱ्यांचीही तिनं सोय केली.

इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या ताईंची तक्रार होती की मशीनवर कुणी बसलेलं नसतानाही पंखा घोंघावतो. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमानं लावली, तर सगळ्यात वर हेच नाव. ताई म्हणाल्या, "दादा, उडवूनच टाका ना ती फाइल."

"थांबा ताई, आधी ती राहते कुठं ते बघू."

या कामात मी नावावर कधीच जात नाही, कारण नाव कुणीही घेऊ शकतो. काही भामटे 'व्ही' आणि 'सी'ची अदलाबदल करतात. काही 'एलसॅस' या विंडोजच्याच दुसऱ्या फाइलच्या नावातल्या पहिल्या छोट्या 'एल'च्या जागी मोठा 'आय' ठेवतात, आणि स्क्रीनवर दोन्ही एकसारखेच दिसतात. पत्त्याची मात्र सहजी नक्कल करता येत नाही. अस्सल एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये असते, तिची ३२ बिट प्रत सिसवॉव६४ मध्ये. ताईंच्या मशीनवर 'ओपन फाइल लोकेशन' केल्यावर उघडलं ते ॲपडेटामधलं 'रोमिंग' फोल्डर. घुसखोर तिथं का जातो, याला कारण आहे. सिस्टिम३२ मध्ये काही ठेवायला ॲडमिनचे अधिकार लागतात. ॲपडेटा हे वापरकर्त्याचं स्वतःचं, त्यामुळे तिथं कुणी परवानगी विचारत नाही.

पुढचा प्रश्न, तिला चालू कुणी केलं? त्यासाठी मार्क रुसिनोविच यांचं 'प्रोसेस एक्सप्लोरर' मला सर्वांत भरवशाचं वाटतं. त्यात कोणत्या प्रोसेसनं कोणती सुरू केली हे झाडासारखं उलगडतं. अस्सल प्रती 'सर्व्हिसेस डॉट ईएक्सई'च्या खाली लटकतात आणि त्यांच्या कमांड लाइनमध्ये 'के' हे अक्षर व सेवांच्या गटाचं नाव असतं. इथं दोन्ही नव्हतं. कमांड लाइनमध्ये होता कुठल्याशा सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक आणि अक्षरांची एक लांबलचक माळ. मशीन परक्या कुणासाठी आभासी चलन खोदत होतं, आणि वीजबिल व्यापारी भरत होता.

प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं नाव 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' असंच लिहिलं होतं. ते फाइल बनवणारा मनाला येईल ते लिहितो, त्याला काडीची किंमत नाही. डिजिटल सहीला आहे, पण तीही बेतानं वाचावी लागते. विंडोजच्या कितीतरी खऱ्या फायलींच्या प्रॉपर्टीजमध्ये सहीचा टॅबच दिसत नाही, कारण त्यांची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये ठेवलेली असते. उलट २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरांवर नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी केलेली सही होती.

मग 'सर्टयुटिल' कमांडनं फाइलचा एसएचए-२५६ काढला. चौसष्ट अक्षर-अंकांचा हा ठसा, फाइलमधला एक बिट बदलला तरी पार वेगळा येतो. तो 'व्हायरसटोटल' या अनेक अँटिव्हायरस स्कॅनरांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या संकेतस्थळावर शोधला. फाइल अपलोड करायची गरज नसते, आणि ऑफिसची कागदपत्रं तर तिथं कधीच चढवू नयेत, कारण चढवलेली फाइल इतरांना मिळू शकते. एक-दोन स्कॅनरांनी लाल दाखवलं तर मी लगेच निष्कर्ष काढत नाही. इथं निम्म्याहून जास्त स्कॅनरांनी तिला ओळखलं. आणि समजा ठसा सापडलाच नसता, तर माझा संशय वाढलाच असता. कोट्यवधी संगणकांवर असायला हवी अशी फाइल आजवर कुणीच पाहिली नाही, हे कसं शक्य आहे?

एवढा खटाटोप करण्यापेक्षा उडवून मोकळं व्हावं, असं लोकांना वाटतं. २००१ मध्ये 'सल्फएनबीके' नावाची फाइल व्हायरस असल्याचे ईमेल जगभर फिरले. ती विंडोजचीच, लांब नावं जपणारी निरुपद्रवी फाइल होती, आणि घाबरलेल्यांनी ती स्वतःच्या हातानं काढून टाकली. माणसंच नव्हे, अँटिव्हायरसही फसतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॲफीच्या एका अपडेटनं एक्सपी मशीनवरच्या खऱ्याखुऱ्या एसव्हीसीहोस्टलाच व्हायरस ठरवलं, आणि ठिकठिकाणी संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले.

याची दुसरी बाजूही आहे. पत्ता बरोबर, सही बरोबर, तरी आत पाहुणा असू शकतो. २००८ चा कॉन्फिकर हा घातक प्रोग्रॅम खऱ्या एसव्हीसीहोस्टमध्येच डीएलएल बनून बसायचा. त्यामुळे अस्सल प्रतींबाबतही 'टास्कलिस्ट' कमांडनं कोणत्या प्रतीत कोणती सेवा चालते ते पाहून घेतलं. तिथं सगळं ठीक होतं.

मग नेटची केबल काढली, प्रोसेस थांबवली आणि फाइल डिलीट न करता क्वारंटाइनमध्ये टाकली. टास्क शेड्युलरमध्ये तिला दर लॉगिनला उठवणारी नोंद सापडली, तीही काढली. ती राहिली असती तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. रीस्टार्ट केल्यावर पंखा शांत झाला, पण ताईंना मी तेवढ्यावर सोडलं नाही. खोदकाम करणाऱ्यानं वाटेत पासवर्डही उचलले असतील, असं धरूनच चालावं लागतं. बँकेचा आणि जीएसटीचा पासवर्ड त्यांनी शेटजींच्या लॅपटॉपवरून, माझ्यासमोर बदलला.