ओट्याखालच्या नळीचं वय किती?

भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो, साडी घेताना पदर उलटा करून बघतो. पण मैत्रिणींनो, गॅसची नळी शेवटची कधी बघितली होती, आठवतं का? बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न टाकला की बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. घाटंजीकडच्या एका गावात एक जण म्हणाली, "ताई, पायप तं चांगलाच हाये, कुठी फाटला हाये?" तिच्या घरी जाऊन बघितलं. नळी फाटलेली नव्हती, हे खरं. पण तिच्यावरचा छाप पार पुसून गेला होता, आणि शेगडीकडचं टोक दाबलं तर बारीक बारीक चिरा दिसल्या.

मालवण-तारकर्लीला सहलीला गेलेल्या पोरापोरींनी तिथलं स्कुबा डायव्हिंग बघितलं असेल. पाठीवरच्या टाकीतली हवा रेग्युलेटर आणि नळीतून तोंडापर्यंत येते. त्या नळीत दाब भरपूर, म्हणून पाण्यात उतरण्याआधी ती दर वेळी तपासायची असते. आपल्याकडेही टाकी, रेग्युलेटर, नळी, सगळं तेच. फरक एवढाच, की आपला रेग्युलेटर गॅसचा दाब फार कमी करतो. नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त. त्यामुळे आपली नळी फाटकन फुटत नाही. ती झिरपते. अन् झिरपणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तर आपण निर्धास्त राहतो.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर न जाता जमिनीलगत पसरतो, कोपऱ्यात साचून राहतो. आता आपल्या जिल्ह्यातली स्वयंपाकघरं डोळ्यांसमोर आणा. चहा-भाजी गॅसवर, अन् भाकरी, आंघोळीचं पाणी त्याच खोलीतल्या चुलीवर, पऱ्हाटीच्या जाळावर. म्हणजे गॅस जिथे साचणार, विस्तव नेमका तिथेच! कित्येक घरी ओटाच नाही, शेगडी टाकीशेजारी जमिनीवरच ठेवलेली. नळी दुमडते आणि चुलीची धगही तिला लागते. खरं तर शेगडी टाकीपेक्षा उंच हवी. ओटा बांधणं होत नसेल, तर एखादं मजबूत टेबल तरी हवंच. त्यात घरात धान्याची पोती असली की उंदीर आलेच.

म्हणून नळी नारिंगी रंगाची 'सुरक्षा' नळीच घ्यावी. तिच्या आत रबराच्या थरांमध्ये पोलादी तारेची वीण असते, ती उंदराला सहज कुरतडता येत नाही. वरचं आवरणही चटकन पेट घेत नाही. नळीवर आयएसआयची खूण, आयएस ९५७३ हा आकडा आणि तयार झाल्याचं साल छापलेलं असतं. त्या सालापासून पाच वर्षं, की बदलायची, दिसायला नवी असली तरी. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. पहिल्या एक-दोन वर्षांत ज्यांच्याकडे गॅस आला, त्यांच्या मूळ नळीची मुदत केव्हाच संपली आहे.

आठवडी बाजारात मीटरवर मिळणारी साधी नळी स्वस्त पडते खरी, पण ती घेऊ नका. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवायला शेगडी अंगणात न्यायची म्हणून दोन नळ्या जोडणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, भिंतीतल्या भोकातून ओढलेली नको. काही जणी तेलकट दिसू नये म्हणून तिला हौसेने कापड गुंडाळतात. मग चिरा दिसणार कशा?

तपासणी सोपी आहे. साबणाचा फेस नळीला आणि दोन्ही टोकांना लावा. बुडबुडे आले, तर गळती आहे. काडी पेटवून बघायची खोड मात्र जीवघेणी.

गॅसचा वास आला (तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, मूळ गॅसला नसतो), तर आधी रेग्युलेटर बंद करा. चूल, देवापुढचा दिवा विझवा. दारं-खिडक्या उघडा. विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. टाकीला दोरीने बांधलेलं झाकण तोंडावर बसवा आणि अंगणात येऊन १९०६ ला फोन लावा. ते झाकण पोरांच्या खेळण्यात गेलं असेल तर आजच शोधून ठेवा.

नळीची पावती गॅसच्या पुस्तकातच ठेवावी. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा काढलेला असतो, पण अपघातानंतर खूण असलेली नळी होती का, मुदतीत होती का, हे विचारलं जातं. घाटंजीकडच्या त्या गटाने आता वहीत एक रकाना वाढवला आहे. प्रत्येकीच्या नावापुढे नळीचं साल. पहिल्याच दिवशी चार नावांपुढची जागा कोरी राहिली.