खुराच्या ठशातलं जाळं

नोव्हेंबरअखेर आरमोरीकडच्या बांधीत सकाळी साडेसहाला उतरलो. धान कापून झाला होता, धसकटांमधून लाखोळी वर आली होती आणि ओलसर मातीत गुरांच्या खुरांचे ठसे होते. त्यातल्या एकात, काठापासून काठापर्यंत, रेशमाची इवली चादर ताणलेली. तिच्यावर मोहरीहून बारीक दवाचे थेंब. दव आहे तोवरच ही जाळी दिसतात. ऊन चढलं की जाळं असतं तिथंच, पण नजरेला लागत नाही. मग न्हाव्याकडे असते तसल्या बाटलीतून पाण्याचे तुषार उडवतो.

पोटावर झोपून दहापट भिंग डोळ्याला लावलं. कोळी जेमतेम दोन मिलिमीटर, चादरीच्या खालून उलटा लटकलेला. ही लिनिफिडी कुळाची बैठक. हानिडी कुळातले बुटके कोळीही जमिनीलगत अशीच चादर विणतात, पण त्यांचे सूत काढणारे अवयव एका आडव्या रांगेत असतात. इथं रांग नव्हती, पुंजका होता. लिनिफिडींच्या जगात साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत. नेमकी जात ठरवायला नराचे स्पर्शपाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, म्हणजे तो अल्कोहोलच्या कुपीत घालावा लागतो. तिथं माझा हात अडखळतो. एका बांधीतून एकच नर घ्यायचा, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम.

पिठाच्या कणाएवढा एक किडा चादरीवर पडला. कोळी खालून धावला, सुतातूनच चावला आणि त्याला खाली ओढून घेतलं.

"का पाहून राहिले, भाऊ?" धुऱ्यावरून बांधीचे मालक विचारत होते. भिंग त्यांच्या हाती दिलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "एवढीशी कातीन खाईल तं काय खाईल?"

"तुडतुड्यांची पिल्लं."

हे त्यांना लगेच पटलं. तुडतुडे धानाच्या बुंध्याशी बसून रस शोषतात आणि हिरव्या बांधीत करपलेली वर्तुळं पडतात. या कोळ्यांची जाळीही उभ्या धानात बुंध्याशीच असतात. तपकिरी तुडतुड्याची मादी अंडी पानाच्या आवरणाच्या आत घालते. सरसकट मारणारं औषध फवारलं की कोळी मरतात, अंडी वाचतात. पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं कोणी उरत नाही. म्हणून फवाऱ्याआधी बुंधे फाकवून कोळी मोजावेत, असं मी त्यांना अगदी कळवळून सांगितलं.

"मेले तं परत येतेत का?"

येतात, पण वेळ लागतो. पिल्लू काडीच्या टोकावर चढतं, पोट उंचावतं, सूत सोडतं आणि वाऱ्यावर निघतं. १८३२ साली अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून साठ मैलांवर डार्विनच्या जहाजावर असे हजारो इवले कोळी उतरले होते.

"मंग राहू द्या तिले," ते म्हणाले. कुपी मी पिशवीत परत ठेवली. तेवढ्यात गुरं बांधीत शिरली आणि एका गाईचा खूर नेमका त्या ठशावर पडला. दुसऱ्या सकाळी तिथून हातभर अंतरावर, ताज्या ठशात, दवानं भिजलेली नवी चादर होती.