श्वास रोखता येतो, मग हृदय का नाही?

या खेपेला घामाबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण ते आता पुढच्या आठवड्यात. खोपोलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्याने घाम मागे सारला. त्यांच्या आजोबांनी लोणावळ्यात एका योग्याला नाडी बंद करताना पाहिलं होतं. मनगटावर बोट ठेवलं तर ठोकाच लागेना. "हृदयावर आपली हुकमत चालत नाही असं तुम्ही लिहिता, मग हे काय होतं?" असा त्यांचा सवाल आहे. लोणावळा तर खोपोलीच्या डोक्यावरच, त्यामुळे टाळायची सोय नाही.

आजोबांनी पाहिलं ते खरंच असणार. वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन संशोधक १९५७ साली यंत्रं घेऊन भारतभर फिरले. दिल्लीच्या 'एम्स'चे डॉ. आनंद त्यांच्या कामात सामील झाले. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांना त्यांनी तारा जोडल्या. नाडी हाताला लागेनाशी झाली, स्टेथोस्कोपमधले ठोकेही विरले, पण ईसीजीचा कागद मात्र रेघा काढतच राहिला. श्वास भरायचा, गळा आतून मिटायचा आणि छाती-पोटाचे स्नायू जोर लावून आवळायचे, ही त्यामागची युक्ती. छातीतला दाब इतका वाढतो की शिरांतून परतणारं रक्त हृदयापर्यंत पोचत नाही. हृदय आकुंचन पावत राहतं, पण जवळजवळ रिकामं. मग मनगटापर्यंत पोचणार काय? कसब मोठं खरं, पण ते स्नायूंचं. (घरी करून पाहू नका, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी.)

लोणावळ्याचं नाव निघालंच आहे, तर स्वामी कुवलयानंदांना ओलांडून कसा जाऊ? १९२४ मध्ये त्यांनी तिथे कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. क्ष-किरणांखाली नौली पाहणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्या घाटमाथ्यावर बसला होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पुढे त्याच संस्थेतल्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात माणसं बसवून आतल्या हवेची मोजमापं केली. १९६८ साली ती छापून आली.

आता मूळ प्रश्न. हृदयाची घंटा हृदयातच आहे. वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक पुंजका असतो, तो स्वतःच ठोके काढतो. प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू तुटतात, तरी नवं हृदय चालतं, आणि बसल्या जागी मिनिटाला शंभरच्या आसपास चालतं. म्हणजे निरोगी माणसाचे सत्तर ठोके हे मेंदूने ब्रेक लावून ठेवल्यामुळे असतात. श्वासाचं बरोबर उलटं आहे. छातीखालचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, हा हातापायांसारखाच हुकमी स्नायू. हुकूम आला नाही तर तो नुसता पडून राहील. जन्मभर, झोपेतसुद्धा, हा हुकूम मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या मेंदूच्या देठातून सुटतो. बोलायचं, गायचं, शंख फुंकायचा असला की मेंदूच्या वरच्या पृष्ठभागातून वेगळा हुकूम येतो. जिन्यातल्या दिव्याला जशी वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं असतात, तसाच हा प्रकार.

या दोन हुकमांच्या वाटा मज्जारज्जूतही वेगळ्या आहेत. १९६२ साली सेव्हरिंगहाउस आणि मिचेल यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांची आपोआप चालणारी वाट शस्त्रक्रियेनंतर बंद पडली होती. "श्वास घ्या" म्हटलं की ते घेत, डोळा लागला की श्वास थांबे. काही मुलं जन्मतःच असा दोष घेऊन येतात आणि त्यांना रोज रात्री यंत्राच्या आधाराने झोपावं लागतं. उलट काही पक्षाघातांत संथ श्वास आपला आपण चालतो, पण डॉक्टरांनी "एक दीर्घ श्वास घ्या" म्हटलं तर रुग्णाला ते जमत नाही.

एरवी या दोन हुकमांची ओढाताण पाहायची तर कोंडिवड्याहून राजमाचीला चढावं. गप्पा मारणाऱ्याची वाक्यं तुटायला लागतात, मग शब्द तुटतात, शेवटी तो गप्प होतो. खालचं केंद्र बोलण्यासाठी श्वास सोडायला तयार नसतं.

या केंद्राचं लक्ष मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर असतं. हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी हे १९०५ सालीच दाखवलं होतं. दम कोंडल्यावर जी तगमग होते, ती साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची. ऑक्सिजन कमी होतो तेव्हा तशी तगमग फारशी होत नाही.

इथे मला उन्हाळ्यातली पेज नदी आठवते. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला मिळतं, त्यामुळे इतर ओढे कोरडे पडले तरी पोरांना डुंबायला ती असते. पाण्याखाली जास्त वेळ राहण्याची पैज लागली की पोरं आधी भराभर श्वास घेतात. वाटतं, ऑक्सिजन साठवला. पण निरोगी रक्त आधीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलं असतं, त्यात भर पडते ती नाममात्र. बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. मग पाण्याखाली तगमग उशिरा सुरू होते आणि त्याआधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. हातपाय मारणं नाही, धडपड नाही. काठावरच्यांना वाटतं, पोरगा पैज जिंकतोय. शुद्ध गेली की मनाचा हुकूम संपतो, देठातलं केंद्र ताबा घेतं आणि पहिला श्वास घेतं, पाण्यातच.

कर्जत-खालापूरच्या फार्महाउसांवर तरणतलाव वाढलेत आणि या पैजा तिथेही चालतात. कंबरभर पाण्यातही हे घडू शकतं. पट्टीचं पोहणाऱ्याला धोका उलट जास्त, कारण तगमग सोसून खाली राहायची सवय त्यालाच असते. तेव्हा पाण्यात जायच्या आधी भराभर श्वास घेणाऱ्या पोराला तिथल्या तिथे थांबवा, आणि पैज लावणाऱ्यालाही.

घाम पुढच्या आठवड्यात, नक्की.