टणक, चिवट आणि आरामशीर

नारळाची करवंटी टणक असते आणि काथ्याचा दोर चिवट. एक आपटली की फुटते, दुसरा ओढाताण सोसतो. मराठीने हा भेद कटाक्षाने जपला आहे. अमेरिकेतील पिकअप ट्रकांच्या जाहिरातींत मात्र या दोन्ही गुणांसाठी 'टफ' हा एकच शब्द राबतो, आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ तेथेच सुरू होतो.

पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी. एके काळी ती शेतकऱ्याची होती. आता मुलांना शाळेत पोचवण्यापासून बाजारहाटापर्यंत सारे तिच्यावरच चालते. तेव्हा ती दणकट हवी आणि बसायला सुखाचीही हवी!

आधी दणकटपणा पाहू. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० गाडीला पोलादी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे अंग चढवले. गाडी हलकी झाली आणि तांबेऱ्याची भीती गेली. पुढल्याच वर्षी, २०१६ साली, शेव्हरोलेने जाहिरातीत दोन्ही गाड्यांच्या हौद्यांत पाच फुटांवरून बांधकामाचे ठोकळे ओतून दाखवले. पोलादाला मुख्यतः पोचे आले, ॲल्युमिनियमला भोके पडली. टाळ्या शेव्हरोलेला मिळाल्या. पण गंमत अशी की, याच कंपनीच्या २०१९ च्या सिल्व्हराडोला दारे आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे आले. हौदा मात्र पोलादीच राहिला. जेथे मार बसतो तेथे चिवट धातू, जेथे नुसते वजन वाहायचे तेथे हलका, असा हा साधा हिशेब.

आता बसण्याचे सुख. टांग्याच्या कमानी आठवा. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या तशाच कमानी बहुतेक पिकअपांच्या मागच्या आसाला असतात. त्या जबर ओझे पेलतात आणि आसालाही जागेवर धरून ठेवतात. पण हौदा रिकामा असला की ताठ कमान वाकायला तयार नसते. खड्डा आला की मागची बाजू उसळते आणि धक्का थेट माणसांच्या पाठीला बसतो. तोच हौदा भरा, गाडी शहाण्यासारखी चालू लागते.

यावर उपाय म्हणून २००९ च्या रॅम १५०० ला मागे कमानींऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवल्या गेल्या, आणि तिच्या मऊ चालीची वाखाणणी झाली. कल्पना मात्र नवी नव्हती. शेव्हरोलेने १९६० सालीच आपल्या हलक्या ट्रकांना अशा स्प्रिंगा दिल्या होत्या आणि १९७३ मध्ये ती पुन्हा कमानींकडे वळली. खुद्द रॅमनेही २०१४ मध्ये २५०० या गाडीला मागे गुंडाळी दिली, पण अधिक भार वाहणाऱ्या ३५०० च्या कमानी काढल्या नाहीत. एकाच घरातल्या दोन भावंडांना निराळे जोडे, कारण त्यांच्या वाटा निराळ्या.

म्हणून 'कोणती गाडी उत्तम?' हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या लेकीजावयाने तिकडून सल्ला विचारला, तर त्यांना उलट विचारावे: 'वर्षातून किती दिवस हौदा भरणार?' रोज विटा वाहायच्या असतील तर कमानींचे धक्के हे कामाचे मोल समजावे. हौदा बहुधा रिकामाच राहणार असेल, तर कधीतरी येणाऱ्या ओझ्यासाठी घरच्यांच्या पाठींनी रोज दंड का भरावा? आणि गाडी पारखायला जाताना दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फेरी मारून परतू नये. खडबडीत वाट शोधावी, एकदा रिकामी आणि जमल्यास एकदा भरलेली गाडी चालवून पाहावी; आणि त्या वेळी मागच्या बाकावर घरातले वडीलधारे माणूस बसवावे. त्याचा अभिप्राय जाहिरातीपेक्षा खरा असतो.