शेजारची शाळा आणि आपण

धर्माबादच्या बाजारांत लाल मिरचीच्या ढिगापुढें क्षणभर उभें राहिलें कीं ठसका लागतो, आणि सभोंवार मराठी, तेलुगु व उर्दू अशा तिन्ही भाषांत भाव ठरत असलेला ऐकूं येतो. गोदाकाठचें बासर येथून जवळच. तेथील सरस्वतीपुढें लेंकराकडून पहिलें अक्षर गिरवून घेण्याची चाल अद्यापि आहे. अक्षर गिरवून घरीं आल्यावर त्या लेंकरास शाळा कोणती, हा प्रश्न मात्र हल्लीं सुशिक्षित घरांत चर्चेलाहि येत नाहीं. दाराशीं गाडी येते, ती त्यास दूरच्या इंग्रजी शाळेंत नेते. हाकेच्या अंतरावरील जिल्हा परिषदेच्या शाळेचें नांव कोणी काढीत नाहीं.

एके काळीं स्थिति अगदीं उलट होती. निजामी अमलांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें तें उर्दू माध्यमाचें. मराठी मुलाला मायबोलींत वरचें शिक्षण दुर्लभ, आणि खासगी शाळा काढावयाची तर सरकारची वक्रदृष्टि ठरलेली. तरीहि मराठवाड्यांत लोकांनीं शाळा काढल्या. औरंगाबादचें सरस्वती भुवन १९१५ चें. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, जेथें पुढें स्वामी रामानंद तीर्थांनीं अध्यापन केलें. त्या काळीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, आणि त्यांचें पान वाढणाऱ्या घरचीं मुलें त्यांच्याच बांकावर बसत.

पुढें वस्तीच पालटली. १९४७-४८ मध्यें रझाकारांच्या धास्तीनें अनेक कुटुंबें संस्थानाबाहेर गेलीं. सप्टेंबर १९४८ नंतर तीच धास्ती मुसलमान शेजाऱ्यांच्या वांट्यास आली, हेंहि लपवूं नये. १९५६ सालीं मुधोळ, भैंसा आणि कुबेर हीं मंडळें आंध्राकडे गेलीं व सोयरिकींच्या मधोमध सीमा उभी राहिली. नोकरीनिमित्त आपलीं मुलें पुण्या-हैदराबादेस गेलीं. जुन्या आळींत नवे बिऱ्हाडकरू आले. त्यांच्या घरीं तेलुगु असेल, उर्दू असेल, लमाणी असेल. मूल मात्र शेजारच्या मराठी शाळेंत जातें.

त्या शाळेचा कारभार पाहण्यास कायद्यानें मुलांच्या आईबापांनाच बसविलें आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यान्वये सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांस व्यवस्थापन समिति असते. तींत निदान पाऊण हिस्सा पालकांचा, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास-आराखडा तिनेंच करावयाचा, आलेला पैसा कोठें गेला तें तिनेंच पाहावयाचें. अधिकार लहान नव्हे. पण ज्याचें मूल पटावर नाहीं तो पालक म्हणून तेथें बसूं शकत नाहीं. आपण मूल काढून नेलें तेव्हां शाळेवरचा आपला शब्दहि आपल्याच हातानें काढून घेतला.

आतां समितींत बसावयाचें तें मजुरीवर जाणाऱ्या आईनें. सभा दुपारीं ठेवली तर तिचा रोज बुडतो. आली तरी कागदावरील सरकारी मराठी तिला उमगत नाहीं (आपणांस तरी कोठें उमगते!), म्हणून ती सही करून उठते. छप्पर कोठें गळतें, मुलींचें शौचगृह कुलपांत कां असतें, हें सर्वांआधीं तिच्या मुलीनें तिला सांगितलेलें असतें. आराखड्यांत तें उतरत नाहीं.

येथें आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस काम आहे. दारावरच्या भाजीवालीशीं तेलुगुंत घासाघीस करणारी आजी त्या आईस आराखडा सहज समजावून देऊं शकेल. सभा सायंकाळीं घ्या, एवढें मुख्याध्यापकांस सांगण्यास आजोबांचा कांहीं खर्च होत नाहीं. समितींत स्थानिक शिक्षणतज्ज्ञासहि जागा असते. निवृत्त शिक्षक तिला योग्यच. मात्र ती निवड पालकांनीं करावयाची असते. म्हणजे आजवर जिला आपण ओसरीच्या खालीं उभें ठेवलें, त्या बाईच्या दाराशीं जाऊन आजोबांनीं 'मला घ्याल का?' असें विचारावयाचें. कांहीं घरांत एवढेंच जड जाईल.