बंद पडलेले आवाज : भाग ७ – चकती फिरते, गाणं येत नाही

गेल्या आठवड्यात कॅसेट डेकचे सैल पडलेले रबरी पट्टे बदलले. आज मिनिडिस्क.

नोव्हेंबर १९९२मध्ये सोनीने हे प्रकरण जपानात बाजारात आणलं. आपल्याकडे ते दुकानांतून फारसं दिसलं नाही. आलं ते सिंगापूर-दुबईहून परतणाऱ्यांच्या बॅगांतून. ज्या घरात गाण्याच्या बैठका व्हायच्या तिथे मात्र त्याला मान होता. कॅसेटची बाजू उलटायला नेमकं बंदिशीच्या मध्यावर उठावं लागे. इथे ७४ मिनिटं सलग मिळत. आता कोऱ्या डिस्क करणंही सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवलं. त्यामुळे माळ्यावरून काढलेलं यंत्र वाजलं नाही, तर जे काय करायचं ते आपणच.

सगळ्यात आधी डिस्कच्या कडेची, नखाने सरकणारी बारीक खिट्टी सरकवा आणि भोक उघडं करा. आता यंत्राला त्या डिस्कवर काही लिहिता येणार नाही. बिघडलेलं यंत्र नुसतं मुकं राहत नाही, भलतंच लिहूनही ठेवतं.

निम्म्या तक्रारी बिघाडाच्या नसतातच. बटणं दाबून काही होत नसेल तर होल्डची खिट्टी बघा, यंत्रावरची आणि रिमोटवरचीही. आवाज वाढतच नसेल तर मेनूत एव्हीएलएस चालू असेल. कानांची काळजी म्हणून आवाजाला घातलेला लगाम आहे तो. आणि गाण्याचं नाव दिसतंय, सेकंद पुढे सरकताहेत, पण कानात चिडीचूप? नावाच्या आधी ‘एलपी’ लिहिलंय का बघा. दुप्पट-चौपट वेळ मावणारी एमडीएलपी पद्धत २००० साली आली. त्याआधीच्या यंत्रांना ती कळत नाही. ती बिचारी इमानदारीत वेळ मोजत बसतात. तिथे स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका, नंतरचं यंत्र उसनं आणा.

‘मध्येच फिरायची थांबते’ हीही तक्रार नव्हे. गाण्याला जेवढ्या वेगाने माहिती लागते त्याच्या साधारण पाचपट वेगाने यंत्र ती डिस्कवरून उचलतं, पोटातल्या मेमरीत भरतं आणि स्वस्थ बसतं. यंत्र कानाशी धरा: घर्र... मग गप्प... पुन्हा घर्र. चालताना धक्का बसला तरी गाणं तुटत नाही ते या शिदोरीवर. पहिल्या यंत्रांत ती दहा सेकंदांची होती, पुढच्यांत चाळीस. गाणं काही सेकंद नीट वाजून तुटत असेल आणि आतली घरघर थांबायचं नावच घेत नसेल, तर शिदोरी संपतेय पण भरत नाहीये. दोष वाचण्यात आहे. आवाज नुसता खरखरत असेल, एका कानात येत असेल, तर मात्र दोष वाचण्यात नाही. हेडफोनची आणि रिमोटची पिन काढा, पुसा, फिरवून बसवा.

वाचण्यातला दोष शोधायचा तर हे यंत्र दोन वेगळ्या जातींच्या डिस्क वाचतं हे लक्षात घ्यावं लागतं. विकतची, गाणी छापूनच आलेली डिस्क सीडीची धाकटी बहीण: पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि परतणारा उजेड कमी-जास्त. आपण भरलेल्या डिस्कवर गाण्याचे असे खड्डे नसतात. भरताना खालून लेझर एकेक ठिपका दोनशे अंशांच्या आसपास तापवतो, वरून चुंबकाचं हेड त्याची दिशा ठरवतं, आणि ठिपका निवला की ती दिशा तिथेच थिजते. वाचताना अशा ठिपक्यावरून परतलेल्या उजेडाचं ध्रुवण किंचित वळतं, एका अंशाहूनही कमी. जॉन केर या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८७७मध्ये टिपलेला हा परिणाम. त्यात भरायच्या डिस्कची चकाकी छापील डिस्कच्या मानाने बरीच कमी. थकलेला लेझर छापील डिस्क खडखडीत वाजवतो आणि घरी भरलेलीशी अडखळतो, तो यामुळे.

म्हणून दोन्ही जातींची एकेक डिस्क लावून बघा. छापील वाजली आणि भरलेली अडली, तर लेन्स मळलीय किंवा लेझर म्हातारा झालाय. दोन्ही अडल्या, तर बॅटरी, मोटार किंवा सुकलेलं ग्रीस. जुन्या भरलेल्या वाजतात, पण आज भरलेली वाजत नाही, तर संशय चुंबकाच्या हेडकडे जाणाऱ्या केसासारख्या पट्टीवर; ती वाकून वाकून तुटते. तिचं काम पुढच्या भागात.

लेन्स पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. पण रेकॉर्डरमध्ये लेन्सच्या बरोबर वर चुंबकाच्या हेडचा नाजूक हात असतो. कापसाचा एक धागा त्यात अडकला आणि काडी ओढली, की दुरुस्ती सुरू होण्याआधीच संपली. मी हे केलेलं आहे. आणि एसीतून थेट मुंबईच्या जुलैमध्ये आणलेलं यंत्र लगेच उघडूच नका. लेन्सवर दव धरतं. डिस्क काढून काही तास ठेवलं की बऱ्याचदा आपोआप बोलू लागतं.

आता माझी फजिती. पुण्यात मामाकडे एका संध्याकाळी मारवा भरला. रेकॉर्डिंग थांबवल्यावर पडद्यावर ‘टॉक एडिट’ ही अक्षरं लुकलुकत होती आणि बॅटरी मरायला टेकली होती. मी घाईने ती बदलायला काढली. नवी घातली तर पडद्यावर ‘ब्लँक डिस्क’. टॉक म्हणजे चकतीवरची अनुक्रमणिका: कुठला तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो. गाणं चकतीवर होतं, पण त्याची नोंद व्हायच्या आत मी वीज तोडली होती.

“हात लावू नकोस तिला,” मित्राने फोनवरच बजावलं. त्याच्याकडे घरात ठेवायचा मोठा डेक होता. त्याने दुसरी ७४ मिनिटांची डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शांत ट्रॅक म्हणून भरली. मग डेकला सुगावा लागू न देता आत माझी डिस्क सरकवली, खिट्टी अर्थातच पुन्हा बंद करून, आणि ट्रॅकला नाव दिलं. डेकने इमानाने त्या डिस्कची अनुक्रमणिका माझ्या डिस्कवर लिहिली: एक ट्रॅक, ७४ मिनिटं.

मारवा पहिल्या सुरापासून आला. बावन्नाव्या मिनिटाला टाळ्या, मामाचं “वा!”, आणि मग खट्कन वेगळंच काहीतरी. ती डिस्क मी वर्षभरापूर्वी पुसली होती. पण पुसणं म्हणजेही फक्त अनुक्रमणिकेतून नाव खोडणं. खाली भाच्याची मुंज तशीच होती. भांड्यांचा खणखणाट, सनईची कॅसेट, आणि त्या सगळ्यावरून आजीचा आवाज: “पंखा लावा रे कुणीतरी, बटू घामाघूम झालाय.”